पिवळ्या डब्यातला फिल्टर

हर्षलचं स्पेअर पार्टचं दुकान पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडला आहे. वडिलांच्या वेळी ते सायकलचं दुकान होतं, हर्षलच्या हाती आल्यावर पिकअप आणि ट्रॅक्टरच्या सामानाचं झालं. या भागात संत्रा आणि कापूस, त्यामुळे दर चार घरांमागे एक पिकअप उभी असते. बेल्ट, लायनर, फिल्टर, बल्ब यांना बाराही महिने गिऱ्हाईक. दुकान चांगलं चालायचं, आणि हर्षलच्या शब्दावर चालायचं. लोक डब्यावरचं नाव वाचत नसत, त्याला विचारत, “कोणता घेऊ?”

त्याची मोठी बहीण तृप्ती सौंसरला दिलेली. तिचा नवरा रोशन स्वतःची पिकअप चालवायचा. घरचा संत्र्याचा छोटा बगीचा होता, पण मुख्य काम गाडीचंच. व्यापाऱ्यांचा माल कधी नागपूरला, कधी छिंदवाड्याला. तृप्तीचे सासरे रघुनाथराव, ज्यांना ती मामाजी म्हणायची, पुष्कळदा रोशनबरोबर जायचे. मंडीत पोरगं एकटं पडू नये, असं म्हणायचे. खरं म्हणजे त्यांना गाडीत पुढे बसून जायला आवडायचं.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा रोशन दुकानात आला.

“हर्षल, ऑइल बदलाचं हाय. फिल्टर दे एक.”

“कंपनीत नाही नेत का भाऊजी? गाडी वारंटीत हाय ना.”

“फोन केला होता छिंदवाड्याले. पुढच्या हप्त्यातला नंबर देऊन राहिले. इकडं व्यापारी रोज गाडी मागून राहिला. नत्थूजी मेकॅनिककडून बदलून घेतो.”

हर्षलने काउंटरवर दोन डबे ठेवले. एक कंपनीचा पांढरा, एक पिवळा, जो नागपूरच्या ठोक बाजारातून येई. किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक. रोशनने दोन्ही फिल्टर बाहेर काढले, हातात तोलून पाहिले. दोन्हींचा आकार तोच, काळा रंग तोच, खालची रबरी रिंग तशीच.

“फरक काय हाय यात?”

“नावाचा.” हर्षल सगळ्यांना सांगायचा तेच त्याने भाऊजींना सांगितलं. “हा पण मस्त चालून राहिला. माझ्या हातून लय गेले, एकही वापस नाही आला.”

ते खरं होतं. त्यात त्याने काही लपवलं नव्हतं.

“तू सांगून राहिला म्हणजे झालं,” रोशन म्हणाला. त्याने पिवळा डबा उचलला, चहा घेतला, तृप्तीने पाठवलेली संत्र्याची पिशवी ठेवली आणि गेला.

त्यानंतर महिनाभराने, दुपारी दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी असताना तृप्तीचा फोन आला. ती रडत नव्हती. फार हळू बोलत होती.

“हर्षल, मामाजीचा पाय गेला रे.”

“गेला म्हणजे?”

“गाडीखाली आला. घाटात. छिंदवाड्याहून नागपूरले नेऊन राहिले. तू ये.”

शेजारच्या हॉटेलवाल्याला शटर ओढायला सांगून हर्षल तसाच नागपूरला निघाला. सावनेर येईपर्यंत त्याला एवढंच कळलं होतं की गाडी घाटात बंद पडली. बाकीचं त्याने नंतर तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं, काही रोशनकडून, काही मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून.

रोशन संत्र्याचे क्रेट भरून छिंदवाड्याला निघाला होता. रघुनाथराव पुढे बसले होते. रामाकोना गेलं, घाट लागला. अर्धा घाट चढल्यावर इंजिनातून खडखड आवाज आला आणि गाडीचा दम गेला. ऑइलचा लाल दिवा लागला. बाजूला घ्यायला जागा शोधेपर्यंत इंजिन बंद पडलं. भरलेली गाडी मागे सरकायला लागली. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची ताकद गेली. पायाखाली दगड असावा तसा ब्रेक कडक झाला. रोशनने हँडब्रेक ओढला, पण एवढा माल त्याने धरेना. डाव्या हाताला दरी होती.

“बाबा, उतरू नका,” रोशन ओरडला. पण म्हातारा दार उघडून उतरला होता. त्यांनी रस्त्याच्या कडेचा एक गोटा उचलून मागच्या चाकाखाली लावला. गाडी त्यावरून उतरली. त्यांनी दुसरा मोठा गोटा आणला आणि वाकून लावला. गाडी थांबली, पण थांबण्याआधी चाक त्यांच्या डाव्या पावलावर चढलं होतं. मागच्या ट्रकवाल्यांनी गाडीला आधार देऊन, क्रेट उतरवून त्यांना बाहेर काढलं. ते शुद्धीवर होते. “माल सांभाळा,” असं म्हणत होते.

हर्षल दवाखान्यात पोचला तेव्हा तृप्ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, की पाऊल वाचत नाही, गुडघ्याखालून काढावं लागेल, आणि उशीर केला तर आणखी वर जावं लागेल. सही रोशनने केली. त्याच्या शर्टावर काळं ऑइल होतं आणि संत्र्याचा रस वाळून चिकट झाला होता.

“गाडीनं अचानक दम सोडला रे,” तो हर्षलला म्हणाला. “चांगली चालून राहिली होती.”

हर्षलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोवर त्याच्या मनात काहीच आलं नव्हतं. खाली टपरीवर चहाचा ग्लास हातात घेतल्यावर त्याला पिवळा डबा आठवला. त्याने चहा तसाच ठेवला. टपरीवाल्याने विचारलं, “थंडा झाला का भाऊ? दुसरा देऊ?” तो नाही म्हणाला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

ऑपरेशन झालं. रघुनाथराव जरा स्थिर झाल्यावर रोशन आणि हर्षल छिंदवाड्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. क्रेनने ओढून आणलेली गाडी तिथे उभी होती. सुपरवायझर तरुण होता, बोलायला मऊ. त्याने इंजिन उघडून ठेवलं होतं. बेअरिंग जळून काळे पडले होते, क्रँक जाम झाला होता. मग त्याने फिल्टर काढला, त्यांच्यासमोर कापला आणि आतला कागद ट्रेमध्ये पसरला. घड्यांचा तो कागद एका टोकाला डिंकातून सुटला होता आणि मधोमध फाटला होता. त्यात लोखंडाची चमकणारी बारीक भुकटी होती.

“भैया, ये हमारा फिल्टर नहीं है,” सुपरवायझर म्हणाला. “वारंटी नहीं मिलेगी.”

“पर फिल्टर की वजह से ही हुआ, ये कैसे कह सकते हो?” रोशनने विचारलं.

“वो मैं कह ही नहीं रहा. मैं इतना ही कह रहा हूँ कि ये हमारा नहीं है.”

सुपरवायझरने ट्रेचे फोटो काढले, फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर गाडीचा नंबर लिहिला. हर्षलनेही आपल्या मोबाइलवर एक फोटो काढला. परत येताना बसमध्ये रोशन खिडकीशी बसला होता. घाट उतरत असताना तो बाहेर पाहत होता. हर्षलला वाटत होतं, हा आता काही तरी बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. सौंसर आलं तेव्हा रोशन एवढंच म्हणाला, “मी उतरतो. तू बस, पांढुर्ण्याची हीच गाडी हाय.”

दोन दिवसांनी हर्षल जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात गेला. तृप्ती त्याला वॉर्डाच्या बाहेर घेऊन आली.

“एक इचारू?” ती म्हणाली. “तू कंपनीच्या फिल्टरचं बिल देऊ शकतं का? मागच्या तारखेचं?”

हर्षल तिच्याकडे पाहत राहिला. ती आयुष्यात कधी असं बोलली नव्हती.

“तुझे भाऊजी नाही म्हणाले हे,” ती घाईने म्हणाली. “त्यांले माहीतही नाही. मीच म्हणून राहिली. इंजिन तरी मिळालं असतं.”

“ताई, मी आत्ता देतो बिल. पण फिल्टर त्यांच्याच टेबलावर कापला ना. कंपनीचं नाव नव्हतं त्याच्यावर. फोटो काढले त्यांनी.”

“मंग आता?”

“आता काही नाही होत.”

“बरं,” तृप्ती म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली. हर्षलने आजवर खोटं बिल कोणाला दिलं नव्हतं. त्या दिवशी तो द्यायला तयार होता, आणि तेसुद्धा कोणाच्या कामाचं नव्हतं.

त्याला आता एकच गोष्ट हवी होती. माझ्या फिल्टरने झालं का नाही, हे कोणीतरी सांगावं. झालं असेल तर झालं म्हणावं. तो दुकानातले काही फिल्टर पिशवीत भरून सौंसरला नत्थूजीच्या गॅरेजवर गेला. नत्थूजी म्हातारा मेकॅनिक. रोशनच्या गाडीत तो फिल्टर त्यानेच बसवला होता.

“मीबी हाच इचार करून राहिलो,” नत्थूजी म्हणाला. “जुनी रिंग काढली होती, नव्या रिंगले ऑइल लावलं होतं, हातानं कसला होता. मले पक्कं याद हाय. पण आता कोनी दोन-तीनदा इचारलं तं मलेच शंका येते.”

त्याने वाइसच्या पकडीत धरून आधी कंपनीचा फिल्टर कापला. आत दाट घड्यांचा कागद, दोन्ही बाजूंना लोखंडी टोपी, मध्ये जाळीची नळी, खाली मऊ रबराचा पडदा आणि स्प्रिंगचा वाल्व. मग पिवळ्या डब्यातला कापला. घड्या थोड्या विरळ होत्या, टोपी लोखंडाची नव्हती, जाड पुठ्ठ्याची होती. पण कागद नीट चिकटला होता, स्प्रिंगही चांगली होती. नत्थूजीने बोटाने ओढून पाहिलं, कागद सुटला नाही.

“हे तं ठीक दिसते,” तो म्हणाला.

हर्षलला हायसं वाटलं. नत्थूजीने दुसरा पिवळा कापला. त्यात एका बाजूला डिंक अर्ध्याच गोलात लागला होता. बोट लावताच कागद सुटून आला. तिसरा पुन्हा चांगला निघाला.

डबा तोच होता, नाव तेच होतं, सगळे एकाच खोक्यातून आले होते.

हर्षलने मोबाइल काढून वर्कशॉपमधला फोटो दाखवला. नत्थूजीने चष्मा पुसला, फोटो मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला.

“हे पाय. कागद अगोदर फाटला असन तं त्याचे तुकडे ऑइलच्या रस्त्यात गेले, बेअरिंग कोरडे पडले, इंजिन जाम. असं होते. पण बेअरिंगच अगोदर गेलं असन, दुसऱ्या कायच्यानं, तं त्याचा भुगा फिल्टरात येते, फिल्टर भरते, दाब वाढते, आन मंग कागद फाटते. चांगल्या फिल्टरचाही फाटते. दोन्हीमंदी शेवटी असंच दिसते.”

“मंग याच्यात कोणतं झालं?”

“कोन सांगन?” नत्थूजीने मोबाइल परत दिला. “इंजिन तं बोलत नाही ना बाबू.”

कापल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि कापला की तो विकता येत नाही. इतकी वर्षं हर्षल जे फिल्टर चांगले म्हणून देत होता, त्यातला एकही त्याने आतून पाहिला नव्हता. पाहणं शक्यही नव्हतं.

तो नागपूरला ठोक व्यापाऱ्याकडे गेला. कापलेले तिन्ही पिवळे फिल्टर त्याच्या गादीवर ठेवले. व्यापारी चांगला माणूस होता, वडिलांपासूनची ओळख होती. त्याने अपघाताचं ऐकून हळहळ व्यक्त केली, चहा मागवला.

“पण मी काय करू हर्षलभाऊ? माझ्याकडं माल बंद डब्यात येते, बंद डब्यात जाते. बनवणारा कुठं बनवते, मी नाही पाहिलं. तुमच्याकडं उरले तेवढे वापस आणा. बदलून देतो.”

“बदलून काय द्याल?”

व्यापाऱ्याने मागच्या मांडणीकडे हात केला. तिथे पिवळे डबे रचलेले होते.

हर्षलने आपल्या दुकानातले पिवळे डबे काढून मागच्या खोलीत टाकले. मग त्याने ठरवलं, की ज्यांना ज्यांना तो फिल्टर दिला त्यांना भेटायचं आणि आपल्या खर्चाने कंपनीचा देऊन टाकायचा. सगळ्यांची नावं आठवत नव्हती. आठवली तेवढ्यांकडे तो मोटारसायकल घेऊन जाऊ लागला. काही जणांनी लगेच बदलून घेतला आणि आशीर्वाद दिले. काही हसले. सावरगावच्या एकाने चारचौघांत विचारलं, “म्हणजे आजवर आमाले कचरा इकून राहिला होता का बे?” स्टेशन रोडच्या दुसऱ्या दुकानदाराने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “भाऊ, तू सगळ्यांचा धंदा खराब करून राहिला. मीबी तोच इकतो. काही नाही होत त्यानं.”

तिगावला उर्मिलाबाई राहायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी पिकअप विकली नाही, स्वतः चालवायला शिकल्या. कापूस वेचणाऱ्या बाया सकाळी शेतात न्यायच्या, संध्याकाळी आणायच्या. हर्षल गेला तेव्हा त्या गाडीच्या टपावरून गाठोडी उतरवत होत्या. त्याने सगळं सांगितलं.

“गाडी तं मस्त चालून राहिली,” उर्मिलाबाई म्हणाल्या.

“चालूनच राहिली होती तिकडचीबी. मी नवा फिल्टर आणला मावशी, फक्त बसवून घ्या.”

“बसवाले ऑइल काढा लागन. आत्ताच तं नवं टाकलं. आन एक दिवस गाडी उभी राहिली तं बाया दुसऱ्याच्या गाडीत जातात, मंग वापस येत नाहीत.” त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “तूच म्हटलं होतं, हा चांगला हाय. आता तूच म्हणतं खराब हाय. कोणतं खरं मानू?”

“खराबच हाय असं नाही म्हणत मी…”

“मंग?”

हर्षलने नवा डबा पुढे केला. त्या म्हणाल्या, “ठेव तिथी. पुढच्या बारीले बसवीन.” त्याने पांढरा डबा ओट्यावर ठेवला. गाडीच्या मागच्या हौद्यात बसलेल्या बाया हे सगळं ऐकत होत्या. त्यांतली एक हसून म्हणाली, “बाई, आमाले घरी सोडून द्या अगोदर.” उर्मिलाबाईंनी गाडी सुरू केली आणि हर्षल इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहिला. आवाज चांगला होता, पण रोशनच्याही गाडीचा चांगलाच होता.

संक्रांतीनंतर रघुनाथराव घरी आले. हर्षल भेटायला गेला तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते, कमरेपासून खाली चादर. हर्षल पाया पडायला वाकला आणि हात कुठे न्यावा हे त्याला कळेना. म्हाताऱ्याने स्वतःच उजवा पाय थोडा पुढे केला.

“तू गावोगाव फिरून राहिला म्हणते,” रघुनाथराव म्हणाले.

“काकाजी, माझ्या फिल्टरनं…”

“त्यानंच झालं का?”

“माहीत नाही काकाजी. कोणीच सांगत नाही.”

“मंग मलेबी माहीत नाही.” त्यांनी चादर नीट ओढून घेतली. “मले रोज वाटते, पहिलाच गोटा मोठा घ्याले पायजे होता. तो लहान होता. घाईत हाताशी आला तो उचलला.” मग त्यांनी विचारलं, “तिकडं मृगाचा बहार कसा हाय यंदा?”

हर्षल बहाराबद्दल सांगू लागला. तेवढ्यात रोशन बाहेरून आला, हर्षलला पाहून दारातच थबकला, मान हलवली आणि मागच्या दाराने निघून गेला. तृप्तीने चहा आणला. ती रोशन गेला त्या दाराकडे पाहत होती.

“असेच राहते आजकाल,” ती म्हणाली. “कोनाशीच नाही बोलत. तुयावर राग हाय असं मले काही म्हटलं नाही त्यांनी. नाही असंबी नाही म्हटलं.”

“मी बोलू का त्यांच्याशी?”

“काय बोलशीन?”

तो चहा पिऊन निघाला. नव्या इंजिनाचा खर्च झेपणारा नव्हता. पिकअप काही दिवस वर्कशॉपच्या आवारात उभी राहिली आणि मग आहे तशी विकून टाकली. रोशन सौंसरच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. रस्ता तोच, माल तोच, गाडी मात्र दुसऱ्याची.

मार्चमध्ये एका सकाळी हर्षलच्या दुकानासमोर एक जुनी पिकअप थांबली आणि रोशन उतरला. अपघातानंतर तो पहिल्यांदाच दुकानात येत होता. हर्षल काउंटरमागून बाहेर आला.

“या ना भाऊजी. बसा.”

“बसत नाही. संत्रा भराचा हाय सावरगावहून, मंग छिंदवाड्याले जाणं हाय. मालक म्हणे, जाता जाता ऑइल आन फिल्टर बदलून घे.” तो इकडेतिकडे पाहत बोलत होता. “तो पिवळा दे म्हणे. स्वस्तातला.”

“मी ठेवत नाही आता तो. कंपनीचा न्या. वरचे पैसे मी…”

“नको.”

“भाऊजी, तुमीच चालवता ना गाडी.”

“गाडी मालकाची हाय. बिल त्याले पिवळ्याचंच लागते. अगोदरच्या ड्रायव्हरनं महाग सामान टाकलं म्हणून त्याले काढलं.” रोशनचा आवाज चढला नाही. “तुझ्याकडं नसन तं तिकडून घेतो.”

आणि तो रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. हर्षल उभा राहून पाहत होता. समोरच्या दुकानदाराने मांडणीवरून पिवळा डबा काढला. रोशनने फिल्टर बाहेर काढला, हातात फिरवला, कानाजवळ नेऊन हलवला, जणू आतलं काही ऐकू येणार होतं. मग तो पुन्हा डब्यात घातला.

तो परत आला तेव्हा हर्षल म्हणाला, “मी बसवून देऊ? तेवढं तरी करू द्या.”

रोशनने डबा त्याच्या हातात दिला.

हर्षलने दुकानाच्या बाजूला गाडी घेतली, खाली पोतं अंथरलं, जुनं ऑइल सोडलं. जुनी रिंग निघाली का हे बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइल लावलं. रोशन चाकाशी उकिडवा बसला होता. खालून हर्षलला त्याच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

“हर्षल,” तो म्हणाला.

“हो भाऊजी.”

“माझा पाय क्लचवर होता.”

हर्षल थांबला.

“इंजिन बंद पडलं तेव्हा मी क्लच दाबला. चालू करून पाहाले. मंग सोडलाच नाही. भेव लागलं होतं, दोन्ही पाय तसेच दाबून धरले. क्लच सोडला असता तं गाडी गिअरात अडकली असती. जागेवर. बाबाले उतरा लागलंच नसतं.” चपला जराशा मागे सरकल्या. “इतक्या वर्साचा ड्रायव्हर हाय मी. मले माहीत नाही का? पण तेव्हा पाय उचललाच नाही गेला.”

“ताईले सांगतलं?”

“कोनालेच नाही. लोक म्हणतात फिल्टरनं झालं. मी गप राहतो. तुले पाहिलं की मले ते आठवते.”

हर्षल गाडीखाली पडून होता, फिल्टर छातीवर धरून. तुमची चूक नाही, असं म्हणावंसं त्याला वाटलं. पण असं लोकांनी त्यालाही म्हटलं होतं आणि त्याने काही झालं नव्हतं. त्याने फिल्टर लावला, हाताने कसला, रिंग नीट बसली का ते चारी बाजूंनी पाहिलं. बाहेर येऊन ऑइल भरलं.

“चालू करा,” तो म्हणाला.

लाल दिवा लागला आणि लगेच विझला. दोघांनी वाकून खाली पाहिलं. थेंबही गळत नव्हता.

“घाटात आवाज बदलला की थांबा,” हर्षल म्हणाला. “चढावाच्या अगोदरच थांबा.”

“हो.”

“आन फोन करा पोचल्यावर.”

रोशनने मान हलवली आणि गाडी सावरगावच्या बाजूला वळवली.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत फोन आला नाही. हर्षलने तृप्तीला लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

“पोचले का?”

“नाही अजून. लागत नाही फोन.”

“घाटात रेंज नाही राहत.”

“माहीत हाय,” ती म्हणाली. दोघांनीही फोन ठेवला नाही. तिकडून रघुनाथरावांच्या कुबडीचा आवाज येत होता. ते आता कुबडी घेऊन अंगणात चालायला शिकत होते. बऱ्याच वेळाने तृप्ती म्हणाली, “थांब, त्यांचाच येऊन राहिला,” आणि फोन बंद झाला. हर्षल अर्धं शटर ओढून तसाच उभा राहिला. मग तिचा पुन्हा आला.

“पोचले. माल उतरवून राहिले.”

“वापस कधी?”

“उद्या सकाळी निघन म्हणे. त्याच रस्त्यानं.”

“मी उद्या करतो मंग फोन,” हर्षल म्हणाला.

“कर,” तृप्ती म्हणाली.